गळालेल्या ओळींचा हिशेब

१९९१च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २१ लाखांवर होती, २०११मध्ये ती १२,००,३३४ भरली. हे दोन तक्ते ‘भंडारा’ या नावावर जोडले, तर जिल्ह्याने वीस वर्षांत चाळीस टक्क्यांहून अधिक माणसे गमावली असे दिसते. खरे कारण एवढेच, की १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याचे १३,२२,५०७ लोक मिळवले की बेरीज २५ लाखांपुढे जाते. तक्ते जोडणे म्हणजे दोन्हीकडची वस्तू एकच आहे असा दावा करणे, आणि दावा तपासावाच लागतो. नावाऐवजी सांकेतांक वापरा, असे कोणी म्हणेल. एकाच वर्षाच्या तक्त्यांसाठी ते बरोबरच आहे. पण २००१च्या जनगणनेत भंडाऱ्याचा सांकेतांक १० होता, २०११मध्ये ५०६ झाला.

याहून फसवी चूक गाळणीत होते. मायक्रोसॉफ्टच्या ‘डॅक्स’ या सूत्रभाषेत एका तक्त्यात भंडाऱ्याची गावे आणि दुसऱ्यात मामा (माजी मालगुजारी) तलावांचे क्षेत्र आहे, असे धरू. ‘नॅचरल इनर जॉइन’ फक्त जुळलेली गावे ठेवते, बाकीची मुकाट्याने गळतात. ‘नॅचरल लेफ्ट आउटर जॉइन’मध्ये गावांचा तक्ता आधी दिला, तर सगळी गावे राहतात आणि तलावाची नोंद नसेल तिथे जागा कोरी राहते. माझ्या मते सुरुवात नेहमी हिनेच करावी. मात्र पुढे ‘फिल्टर’मध्ये क्षेत्र = ० अशी अट घातली, की कोरी जागाही शून्यात धरली जाते, कारण डॅक्समध्ये साधे बरोबर-चिन्ह दोन्ही एकच मानते. तलाव नाही आणि तलावाची नोंद नाही, यांतला फरक तिथेच पुसला जातो. तो राखायला दुहेरी बरोबर-चिन्ह लागते.

शेकडो गावांत दोन-चार ओळी गळाल्या तर काय बिघडले, हा आक्षेप मला पटत नाही. ओळी सरसकट गळत नाहीत. गोसेखुर्द धरणासाठी पवनी तालुक्यातली गावे उठली. उठलेल्या गावाचे नाव एका तक्त्यात जुने आणि दुसऱ्यात पुनर्वसनाचे असेल, तर नेमके तेच गाव जुळणार नाही, आणि ज्याची दखल आधी घ्यायची तेच अहवालातून नाहीसे होईल. म्हणून जोडलेल्या प्रत्येक तक्त्याखाली न जुळलेल्या ओळींची संख्या आणि गावांची नावे छापावीत.