दख्खनचे शिकारी श्वान (भाग सातवा) : राठ केस, मऊ केस

शिकारी कुत्र्यांच्या अंगावरील केसांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात : अंगालगत बसलेले आखूड केस, लांब व मऊ केस, आणि तारेसारखे राठ केस. यांपैकी तिसरा प्रकार युरोपात विशेष जोपासला गेला. राठ केसांच्या कुत्र्याच्या अंगावर दोन थर असतात; बाहेरचे केस जाड आणि खरखरीत, तर आतली लव दाट असल्यामुळे थंड पाणी किंवा काटेरी झुडूप कातडीपर्यंत सहसा पोहोचत नाही. तोंडावरही हेच केस वाढून दाढी-मिशा आणि डोळ्यांवर झुकलेल्या भुवया तयार होतात. अशा वंशांपैकी ‘ग्रिफाँ’चा उगम बराच नेमका सांगता येतो, कारण एदुआर्द कोर्थाल्स या डच गृहस्थाने १८७० च्या दशकात ‘मूश’ नावाच्या कुत्रीपासून आपल्या जोपासनेला सुरुवात केली, पुढे जर्मनीत ती चालू ठेवली आणि १८८७ साली या वंशाची लक्षणे लेखी निश्चित झाली.

महाराष्ट्रातील देशी वंशांत राठ केसांचा शिकारी वंश आढळत नाही. लातूर-सोलापूरपासून सीमेपलीकडच्या विजापूर-बागलकोटपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात जे शिकारी कुत्रे पिढ्यानपिढ्या सांभाळले गेले, त्यांत केसांवरून दोनच भेद केले जातात : आखूड केसांचा तो कारवानी आणि झालरीचा तो पश्मी. ‘कारवानी’ हा शब्द कारवाँ, म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, यावरून आला, तर ‘पश्म’ म्हणजे फारसीत लोकर. दोन्ही नावे फारसीच्या वाटेने आली असल्यामुळे हे कुत्रे इराण-अरबस्तानातील सलुकी या वंशातून, घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर दख्खनच्या सुलतानांच्या प्रदेशात आले असावेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शरीराची ठेवण पाहता हे अनुमान पटण्यासारखे आहे; मात्र नाव परके म्हणून कुत्राही सर्वस्वी परका, असे म्हणता येत नाही. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथील दहाव्या शतकाच्या मध्यावरच्या शिलालेखात, राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळी, ‘काळी’ नावाच्या शिकारी कुत्र्याने रानडुकराशी झुंजून प्राण दिल्याची नोंद असून त्याच्यासाठी दगड उभारल्याचे त्यात कोरले आहे. दख्खनच्या पठारावर शिकारी कुत्र्यांना सुलतानांच्या कितीतरी आधी मान होता, एवढे त्यावरून निश्चित होते, आणि बाहेरून आलेल्या रक्ताचा इथल्या कुत्र्यांशी संकर झालाच नसेल, असे समजायला आधार उरत नाही.

कारवानी हा ‘नजरेने शिकार करणारा’ कुत्रा आहे, म्हणजे तो वास हुंगत माग न काढता सावज दृष्टीस पडताच त्याचा पाठलाग करतो. त्याचे सारे शरीर या एका कामासाठी घडले आहे. डोके लांबट व निमुळते, छाती खोल, पोट आत ओढलेले, कंबरेवर किंचित कमान, मांड्या लांब आणि कातडी अंगाला घट्ट. नराची खांद्यापाशी उंची साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर, मादीची त्याहून थोडी कमी. भांडुपसारख्या उपनगरात रोज दिसणाऱ्या गावठी कुत्र्याचे कान बहुधा उभे आणि शेपूट पाठीवर वळलेली असते. कारवानीचे कान गालालगत पडलेले असतात, आणि बुंध्याशी जाड असलेली शेपूट निमुळती होत खाली उतरून टोकाशी हलकेच वळते. पश्मीची हाडेही तीच असतात. फरक आहे तो कानांच्या कडेला, शेपटीच्या खालच्या बाजूला आणि पायांच्या मागे लोंबणाऱ्या रेशमी झालरीचा.

या झालरीवरून पश्मी हा वेगळा, किंबहुना अधिक शुद्ध वंश असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. २००९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ऐंशी वंशांतील हजाराहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास करून, केसांचे बहुतेक प्रकार तीन जनुकांवर अवलंबून असल्याचे दाखवले गेले. राठपणा आणि दाढी-मिशा देणारे जनुकाचे रूप प्रभावी असते, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून मिळाले तरी उमटते. लांब केसांचे रूप अप्रभावी, म्हणजे दोघांकडून मिळाले तरच दिसते. सलुकी पाळणाऱ्यांचा अनुभवही असाच आहे की, आखूड केसांच्या जोडप्याला झालरीचे पिल्लू होऊ शकते. कारवानीच्या घरात पश्मी जन्मला, तर त्याचे कारण यातच शोधणे सयुक्तिक ठरेल. त्यासाठी आईच्या चारित्र्यावर शंका घेण्याची गरज नाही.

मग माळरानावर आखूड केसांचेच प्राणी अधिक का, याचे उत्तर बहुधा गवतात असावे. पावसाळा सरल्यावर दख्खनच्या माळावर कुसळी गवत पिकते आणि त्याची टोकदार, पीळदार कुसळे जनावराच्या केसांत शिरून कातडीत रुततात. पश्मीच्या पायांमागची झालर अशी कुसळे आणि गोखरूचे काटे गोळा करत धावते, तर कारवानीच्या अंगावर अडकायला जागाच थोडी असते. राठ केसांनी काट्यांपासून बचाव केला असता खरा, पण आतल्या दाट लवेसह मराठवाड्याच्या मे महिन्यात ससा गाठणे वेगळेच. राठ केसांचे मोठे धावते कुत्रे स्कॉटलंड-आयर्लंडच्या ओल्या थंडीत टिकले, यात नवल नाही.

नावांचा घोळ मात्र केसांपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे. मुधोळ संस्थानाचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि एक जोडी पंचम जॉर्ज यांना भेट दिली, अशी हकीकत सांगितली जाते. त्यातून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. ते संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५६ नंतर कर्नाटकाकडे गेले. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची जी चार तिकिटे काढली, त्यांतही मुधोळ हेच नाव आले. श्वानांची नोंद करणाऱ्या देशातील दोन संस्थांपैकी एक या कुत्र्याला कारवान म्हणते, दुसरी मुधोळ. त्यामुळे एकाच वेताची दोन भावंडे दोन कागदांवर दोन वंशांची ठरू शकतात.