शेजाऱ्यांची झोप न मोडता गिटार

यवतमाळात परीक्षांच्या दिवसांत भिंतीपलीकडे कुणाचा तरी दहावी-बारावीचा अभ्यास चालू असतो. अशा वेळी इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प सुरू करणे म्हणजे भांडण ओढवून घेणे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. यावर तोडगा म्हणजे लॅपटॉपमधला अ‍ॅम्प, म्हणजेच अ‍ॅम्पचे काम करणारे सॉफ्टवेअर.

आवाज कमी केला तर?

ट्यूबच्या अ‍ॅम्पचा भरदार, खरखरीत स्वर तो जोरात वाजतो तेव्हाच खुलतो. आवाज उतरवला की स्वरही मिळमिळीत होतो. सॉफ्टवेअर आधी स्वर घडवते. तो किती मोठ्याने ऐकायचा हे मग आपण ठरवायचे. ‘गिटार रिग’ आणि ‘अ‍ॅम्प्लिट्यूब’च्या मोफत आवृत्त्या मिळतात. ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ तर पूर्ण मोफत आहे.

काय लागते?

गिटार, लॅपटॉप, गिटारचा सिग्नल लॅपटॉपपर्यंत नेणारा ऑडिओ इंटरफेस आणि वायरचा हेडफोन. इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’चे बटण असेल तर ते दाबावे, नाहीतर पिकअपच्या नाजूक सिग्नलमधली धार बोथट होते. ब्लूटूथ हेडफोन टाळावा. त्यात आवाज उशिरा पोचतो आणि ताल चुकतो.

उशीर किती चालतो?

लॅपटॉपमधून जातानाही आवाजाला थोडा उशीर होतो. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेताना १२८ नमुन्यांचा बफर (एका वेळी साठवायचा गठ्ठा) ठेवला, तर तेवढ्यापुरता सुमारे २.७ मिलिसेकंद उशीर होतो. येण्याजाण्याचा एकूण उशीर १० मिलिसेकंदांच्या आत असला की सहसा जाणवत नाही. हवेतून तेवढ्या वेळात आवाज साडेतीन मीटरही जात नाही. म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला अ‍ॅम्प ठेवल्यासारखेच. उशीर कमी ठेवण्यासाठी विंडोजवर इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर टाकावा. आवाज तडतडला तर बफर वाढवावा.

गुणगुण कशाची?

उन्हाळ्यात कूलरची मोटर आणि बाराही महिने पंख्याचा रेग्युलेटर सिंगल-कॉइल पिकअपमध्ये घुसतात. खुर्ची थोडी फिरवून, जागा बदलून पाहावी. कधी दोष चार्जरचा असतो. तो काढून बॅटरीवर वाजवले की गुणगुण थांबते. यूएसबीवर चालणारा इंटरफेस असेल, तर लाइन गेली तरी बॅटरी असेपर्यंत सराव थांबत नाही.

सवयी

गेन वाढवला की अर्धवट दाबलेली तारही दणदणीत वाजते आणि चूक झाकली जाते. म्हणून निम्मा सराव स्वच्छ स्वरावर करावा. कानांनाही जपावे: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित आहे. शेवटची पाच मिनिटे रेकॉर्ड करून सकाळी ऐकावीत. रात्री शेजाऱ्यांपासून लपलेल्या चुका तेव्हा आपल्याला सापडतात.