प्लायवुडच्या मत्स्यटाकीस जलरोधक रंग

शोभिवंत मासे पाळणाऱ्या शेतकऱ्यास लहान टाक्यांबरोबर एखादी मोठी टाकीही लागते. मोठी काचेची टाकी महाग पडते व ने-आण करताना फुटण्याचे भय असते. अशा वेळी गावच्या सुताराकडून प्लायवुडची टाकी करून घेता येते. मात्र तिचे आयुष्य व तीतील माशांचे जीवित हे दोन्ही आतील रंगावर अवलंबून असतात.

सांगाडा

रंग पाणी अडवितो, भार पेलीत नाही. 120 सें.मी. लांब, 60 सें.मी. रुंद अशा टाकीत 40 सें.मी. पाणी भरले म्हणजे 288 लिटर, अर्थात सुमारे तीन क्विंटल भार होतो. या भाराने बाजू फुगल्यास कठीण रंगास कोपऱ्यात तडा जातो व पाणी लाकडात शिरते. यासाठी प्लायवुड 19 मि.मी. जाडीचे व पाण्यात न सुटणाऱ्या चिकटद्रव्याचे घ्यावे. सांधे सरस व स्क्रू दोहोंनी पक्के करावेत आणि वरच्या काठास सभोवार लाकडी पट्टी बसवावी. टाकी तळास सर्वत्र आधार मिळेल अशा सपाट बैठकीवर ठेवावी.

रंगाची निवड

दारे-खिडक्यांचा तैलरंग सतत पाण्याखाली राहिल्यास मऊ पडून सुटतो. नावांच्या तळाला शेवाळ धरू नये म्हणून लावावयाचे तांबेयुक्त रंग तर मुळीच वापरू नयेत. ते माशांना विषारी असतात. पिण्याच्या पाण्याच्या टाकीस चालणारा, दोन डब्यांत मिळणारा इपॉक्सी रंग या कामास योग्य होय. त्यातील रेझीन व हार्डनर डब्यावरील प्रमाणातच मिसळावे. हार्डनर अधिक घातल्याने रंग लवकर सुकत नाही. उलट तो कच्चा राहतो.

रंग लावण्याची रीत

1. लाकूड पूर्ण कोरडे करून काचकागदाने घासावे व धूळ पुसावी. स्क्रूची भोके व आतील कोपरे इपॉक्सी लांबीने भरून कोपऱ्यांस गोलाई द्यावी.

2. पहिला हात पातळ द्यावा. प्लायवुडच्या कापलेल्या कडा सर्वांत अधिक पाणी पितात. त्यांस दोनदा रंग पाजावा.

3. कोपऱ्यांवर ओल्या रंगातच काचतंतूच्या कापडाची 8 ते 10 सें.मी. रुंद पट्टी दाबून बसवावी व तीवर पुन्हा रंग द्यावा.

4. त्यानंतर आणखी दोन हात द्यावेत. दोन हातांमधील अवधी डब्यावरील सूचनेप्रमाणे ठेवावा. तो उलटून गेल्यास पृष्ठभाग घासून मगच पुढील हात द्यावा.

5. बाहेरील बाजूही रंगवावी, नाहीतर दमट हवेने लाकूड फुगते.

रंग थोडा थोडा कालवावा. मोठ्या प्रमाणात कालविल्यास तो भांड्यातच तापून घट्ट होतो. काम हवेशीर जागी, हातमोजे घालून करावे. कोकणात व अन्यत्र पावसाळ्यात हे काम टाळणे हितावह. दमट हवेत रंगावर तेलकट थर आल्यास तो स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून व घासून मगच पुढील हात द्यावा.

चाचणी

शेवटच्या हातानंतर टाकी किमान सात दिवस वाळू द्यावी. हाताला कोरडा लागणारा रंग आतून पक्का झालेला असतोच असे नाही. घाई केल्यास त्यातील द्रव्ये पाण्यात उतरून मासे दगावतात. नंतर टाकी भरून चोवीस तास ठेवावी, गळती पाहावी व ते पाणी टाकून द्यावे. असे दोनदा करावे. तिसऱ्या वेळी विहिरीचे पाणी भरावे; नळाचे पाणी असल्यास ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरावे. त्यात प्रथम चार-पाच मासे दोन दिवस ठेवून पाहावेत. ते स्वस्थ राहिले तरच इतर मासे सोडावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी टाकी करणाऱ्यास रंगाइतकेच महत्त्व या प्रतीक्षेचे आहे हे पटवून द्यावे. आठवडाभराच्या धीराने वर्षाचे नुकसान टळते.