घाम येतो, पण अंग गार होत नाही!

एक हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचे तोंड मनगटाशी सैलसर बांधा आणि दहा मिनिटे बसा. हात घामाने ओलसर होईल, पण गार वाटणार नाही. असे का? घाम नुसता येऊन भागत नाही. तो वाळावा लागतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. पिशवीतील हवा बाष्पाने संपृक्त झाली, की हे काम थांबते.

आग विझवणाऱ्या जवानाची स्थिती अशीच असते. त्याचा जाड, अनेक थरांचा पोशाख बाहेरची आच अडवतो, पण आतला घामही नीट वाळू देत नाही. त्यातच श्रमामुळे स्नायूंत उष्णता निर्माण होत असते. एरवी ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असणारे शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले, तर उष्माघाताने मृत्यूही ओढवू शकतो.

म्हणून जवानांनी पाळीपाळीने काम करावे, मधूनमधून पाणी प्यावे आणि विसाव्याच्या वेळी सावलीत जाऊन कोट काढावा. आणखी एक सोपा उपाय आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवून ठेवायचे. शरीर तापले असता तळहातांतून पुष्कळ रक्त वाहते. ते आपली उष्णता पाण्याला देते आणि थंड होऊन शरीरात परतते.

आता पिशवी काढा व ओल्या हातावर फुंकर घाला. गारवा का वाटला, ते तुम्हीच सांगा!