हायवेवरची आंघोळ : कडी आहे का, ते आधी विचारा

गेल्या डिसेंबरात पप्पा, मम्मी आणि मी भोपाळहून रात्रीच कारने नागपूरला निघालो. सकाळी दहाला मावसबहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता आणि गॉडमदर मी! मुलताईच्या पुढे टायर पंक्चर झालं. स्टेपनी लावेपर्यंत पप्पांचे आणि माझे हात कोपरापर्यंत काळे. घरी जाऊन आवरायला वेळ नव्हता आणि तासाभरासाठी लॉजचं दिवसभराचं भाडं कोण भरणार? पप्पा म्हणाले, "ट्रकवाले कुठे करतात आंघोळ? तिथेच करू."

मित्रांनो, तुम्हीही सुट्टीत बाइक नाहीतर कार घेऊन लांब जाता. म्हणून त्या सकाळी जे कळलं आणि नंतर जे वाचलं, ते इथे सांगते.

आमचा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४७. बैतूलहून मुलताई, पांढुर्णा करत तो सावनेरमार्गे नागपूरला येतो. छिंदवाडा-सौंसरचा रस्ताही सावनेरलाच येऊन मिळतो. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा म्हणजे हेच दोन तालुके, पांढुर्णा आणि सौंसर. संत्र्याचा पट्टा, बोलणं मराठी आणि रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक.

ड्रायव्हरसाठी आंघोळ ही चैन नाही. इंजिनाची धग केबिनमध्ये येते. नव्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली ती १ ऑक्टोबर २०२५ पासून; रस्त्यावरचे बहुतेक ट्रक त्याआधीचे. अंगावर पाणी घेतलं की झोप उडते, म्हणून ढाबा निवडताना ड्रायव्हर जेवणासोबत पाणीही बघतो.

ढाब्यावर बाथरूम नसते, हौद असतो. बोअरच्या पाण्याने भरलेली सिमेंटची टाकी, शेजारी फरशी, एक-दोन डबे. गमछा गुंडाळायचा, फरशीवर बसायचं, डब्याने पाणी घ्यायचं. पैसे लागत नाहीत, कारण ड्रायव्हर तिथेच जेवतो. आपल्यासारख्यांनीही तोच हिशेब ठेवायचा: आधी विचारायचं, निदान चहा-पोहे तरी घ्यायचे. साबणाचा हात किंवा डबा हौदात बुडवायचा नाही. ते पाणी पुढच्या दहा जणांचं असतं. ड्रायव्हर थांबला असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं, त्याला माल वेळेवर पोचवायचा असतो. उन्हाळ्यात टँकरचं पाणी असेल तर हात-पाय-तोंड धुवून निघायचं.

दुसरी जागा पेट्रोल पंप. हवा, पिण्याचं पाणी आणि टॉयलेट फुकट देणं पंपावर बंधनकारक आहे, पण त्यात आंघोळ येत नाही. काही मोठ्या पंपांवर सरकारी तेल कंपन्यांनी ट्रकचालकांसाठी 'अपना घर' ही विश्रांतीची सोय केली आहे. जुलै २०२५ मध्ये अशी ३६८ ठिकाणं आणि ४,६११ खाटा होत्या. तिथे टॉयलेट आणि आंघोळीची जागा असते. सोय ड्रायव्हरांची आहे, तेव्हा आपण विचारूनच जायचं आणि गर्दी असेल तर मागे फिरायचं.

अमेरिकेत ट्रक स्टॉपवर ठराविक डिझेल भरलं की ड्रायव्हरला शॉवर फुकट मिळतो. बाकी कुणीही पैसे भरून वापरू शकतो. एकेकाची स्वतंत्र खोली आणि तिला आतून लॉक. मला त्या कथेत गरम पाण्यापेक्षा लॉकच जास्त महत्त्वाचं वाटतं.

कारण पांढुर्ण्याच्या अलीकडे पप्पा हौदावर दहा मिनिटांत आंघोळ करून आले. बोअरचं ताजं पाणी थंडीतही कोमट लागतं, म्हणाले. मी आणि मम्मी गाडीतच बसून. हौदावर सहा-सात पुरुष होते. कुणी वाईट वागलं नाही. उलट आम्हाला बघून दोघं पाठ फिरवून बसले. पण आम्ही कुठे जायचं? त्याआधी एका पंपावर थांबलो होतो. तिथे 'महिला' लिहिलेल्या दाराला कुलूप होतं आणि चावी मॅनेजरकडे, मॅनेजर घरी.

शेवटी मम्मीने ढाब्यावर पोळ्या करणाऱ्या काकूंना विचारलं. त्यांनी माझे हात बघितले आणि मागच्या आपल्या घराकडे बोट दाखवलं. "जाय ना वं पोरी, कडी लावून घे. मी हाय इथं." तीन बाजूंना विटा, पत्र्याचं दार, आत एक बादली. मम्मी बाहेर उभी राहिली, मग मी. पैसे घ्यायला काकू तयार नव्हत्या. आम्ही तिथेच पोटभर नाश्ता केला.

बाप्तिस्म्याला वेळेत पोचलो. बाळाला हातात घेतलं तेव्हा नखांत थोडं ग्रीस होतंच.

आता प्रवासाच्या बॅगेत मी साबणाची डबी, पातळ टॉवेल, रबरी चप्पल, मग आणि एक जुनी ओढणी ठेवते. मुलींनो, थांबण्याआधी ढाब्यावर बाई माणूस आहे का बघा आणि तिलाच विचारा. आणि मुलांनो, पंपावर टॉयलेटला जाल तेव्हा शेजारच्या 'महिला' दाराकडेही बघा. कुलूप दिसलं तर चावी मागा, तक्रारवही मागा. आम्ही मागतो तेव्हा "मॅनेजर नाहीत" एवढंच उत्तर मिळतं. दहा गिऱ्हाइकांनी मागितली तर चावी कदाचित काउंटरवरच राहील.