स्पेनच्या वाटेवरील रोम

इसवी सन ५७ च्या सुमारास प्रेषित पौलानें करिंथ शहरीं रोमकरांस पत्र लिहविलें. स्पेनकडे जातांना रोमच्या बंधुजनांस भेटावें, त्यांच्या सहवासांत कांहीं दिवस घालवावे, हा त्याचा कित्येक वर्षांचा बेत. परंतु आधीं तो निघाला उलट दिशेस, यरुशलेमेकडे. तेथील गरीब ख्रिस्ती बांधवांसाठीं मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांनीं वर्गणी जमविली होती. ती दुसऱ्याच्या हातीं धाडतां आली असती. पण यहुदी व परराष्ट्रीय बांधवांचीं मनें जोडण्याचें काम नुसत्या थैलीनें थोडेंच होतें! धोका जाणून त्यानें रोमकरांजवळ प्रार्थनेचें साह्य मागितलें आणि देवाच्या इच्छेनें येईन, असें कळविलें. 'देवाची इच्छा असेल तर' ही पुष्कळांची न येण्याची सबब असते. त्याची तशी नव्हती.

यरुशलेमेंत तो पकडला गेला. कैसरियांत दोन वर्षें कैद, मग माल्टाजवळ जहाज फुटलें. सुमारें ६० सालीं तो इटलींत उतरला तो बंदिवान म्हणून. वार्ता ऐकतांच रोमचे बांधव सुमारें ६५ किलोमीटर चालून अप्पियाच्या पेठेपर्यंत सामोरे आले. त्यांना पाहून त्याला धीर आला. पुढें दोन वर्षें, पहाऱ्यांतच, भाड्याच्या घरीं तो येईल त्याचें स्वागत करीत राहिला. स्पेनचा प्रवास घडला कीं नाहीं, हें नव्या करारांत कोठेंच नोंदलेलें नाहीं.