न निघालेला काटा

मेंदूची हालचाल टिपणाऱ्या यंत्रात माणसाला झोपवायचं, हाताच्या मागच्या बाजूला विजेचे बारीक झटके द्यायचे आणि झटके बसत असताना त्याला एक चित्र पाहायला लावायचं. ऑक्सफर्डमध्ये कात्या वीच, आयरीन ट्रेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात १२ जण नेमाने उपासना करणारे कॅथलिक होते, तर १२ जण देव न मानणारे किंवा देवाबद्दल काहीच ठाम न म्हणणारे. चित्रं दोनच होती. एक सतराव्या शतकातल्या सासोफेरातोने रंगवलेली मारिया, म्हणजे येशूची आई. दुसरी लिओनार्दोची, मुंगसासारखा पांढरा प्राणी हातात घेतलेली तरुणी. दोघीही शांत, दोघीही देखण्या. मनाला उभारी येते ती श्रद्धेने की नुसत्या सौंदर्याने, हे पारखायला याहून चलाख जोडी मला तरी सुचली नसती.

मारियेकडे पाहताना कॅथलिकांना झटके कमी दुखले. लिओनार्दोच्या तरुणीने ते काम केलं नाही. दुसऱ्या गटाला मात्र चित्र बदललं तरी फरक पडला नाही. झटका तोच, हात तोच, तरी दुखणं वेगळं! आणि हे नुसतं सांगण्यापुरतं नव्हतं. मारिया समोर असताना श्रद्धाळूंच्या मेंदूतला, कपाळामागच्या पट्ट्याच्या उजव्या बाजूचा, खालचा एक भाग कामाला लागलेला दिसला. एखाद्या प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टी आपण बदलतो, त्याचा नवा अर्थ लावतो, तेव्हा हाच भाग जागा होतो, हे संशोधकांना आधीपासून माहीत होतं.

वसई किंवा वांद्र्याच्या एखाद्या ख्रिस्ती म्हातारीला हे सांगितलं, तर ती मारियेच्या तसबिरीकडे बोट दाखवून म्हणेल, त्यात काय नवल? नवल आहे ते शरीराच्या रचनेत. शाळेत आपण शिकलो की दुखापत झाली की मज्जातंतू मेंदूला खबर देतात. प्रत्यक्षात वाहतूक दोन्ही दिशांनी चालते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतच जणू एक फाटक आहे. खालून येणारी खबर तिथे अडते किंवा पुढे जाते, आणि वरून मेंदूही त्या फाटकावर हुकूम सोडतो. त्यांच्या आराखड्यातले तपशील पुढे बदलले, पण हुकूम वरूनही सुटतो हे पक्कं ठरलं. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरने इटलीच्या आघाडीवर पाहिलं होतं की भयंकर जखमी झालेले कितीतरी सैनिक मॉर्फिन मागतच नव्हते. त्यांच्या लेखी जखम म्हणजे लढाईतून जिवंत सुटका. दुखण्याचा अर्थ बदलला की दुखण्याचं माप बदलतं.

इथे जरा थांबायला हवं. प्रयोगातला झटका क्षणात संपतो आणि संपणार हे त्या माणसाला ठाऊक असतं. तीन महिन्यांपलीकडे रेंगाळणारं दुखणं ही निराळी जात. त्यात कित्येकदा मूळ जखम भरून येते, पण मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. मांडवातला लाउडस्पीकर कुणी वर चढवून निघून जावं, तसा साधा स्पर्शसुद्धा कर्कश होतो. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली या हळवेपणाचा माग मज्जारज्जूपर्यंत नेला. अशा माणसाला चित्र बघ, बरं वाटेल, असं सांगणं क्रूरपणाचं आहे. हे दुखणं आयुष्यभर सोबत राहिलं तर काय, हा त्याचा प्रश्न असतो.

ख्रिस्ती परंपरेला हा प्रश्न अनोळखी नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत, सप्टेंबरात, मेणाचे हात, पाय, डोकी विकायला असतात. ज्याचं जे दुखतं, ते तो मातेच्या पायाशी ठेवतो आणि बरं कर म्हणतो. हे मागणं खरंच आहे. पण त्याच परंपरेच्या पायाशी एक नाकारलेलं मागणंही आहे. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपल्या शरीरातल्या काट्याबद्दल सांगतो. हे दुखणं नेमकं कुठलं, यावर विद्वान दोन हजार वर्षं वाद घालताहेत. त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. उत्तर आलं ते एवढंच की कृपा पुरेल आणि दुबळेपणातच सामर्थ्य पुरं होतं. धर्म स्थापन होण्याच्या काळातला एवढा मोठा माणूस, आणि त्याची प्रार्थना फसल्याची नोंद त्याच्याच हातची, तीही पवित्र शास्त्रात जपून ठेवलेली! मला हा सगळा प्रकार कुठल्याही चमत्काराहून अधिक विलक्षण वाटतो.

श्रद्धेचं हे सामर्थ्य उलटंही फिरतं. केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ साली, वयाची पंचावन्न उलटलेल्या ५९६ आजारी माणसांचा दोन वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला टाकलं किंवा त्याचं आपल्यावर प्रेमच नाही, अशी घुसमट ज्यांच्या मनात होती, त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त आढळला. म्हणजे देव मानतो की नाही एवढं विचारून भागत नाही, तो कसा वाटतो हेही विचारावं लागतं. बायबलातल्या दुखणाईत ईयोबाचे मित्र आठवा. तू काहीतरी पाप केलं असशील, म्हणून त्याच्या उशाशी बसून समजावणारे. (आपल्याकडची अशी मंडळी गेल्या जन्माचा हिशेब काढतात.) ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर, आरडाओरडा करणाऱ्या ईयोबावर नाही. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. क्रुसावर येशूच्या तोंडी आलं तेही बाविसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीचं, टाकून दिल्याचं गाऱ्हाणं. म्हणजे टाकलं गेल्याची ती घुसमट मनात कोंडून ठेवण्याऐवजी देवाच्या तोंडावर बोलायला इथे शब्द आयते तयार आहेत. तुकोबांनी विठ्ठलाशी केलेली भांडणं ज्याच्या कानावर आहेत, त्याला यात परकं काही वाटू नये.

सिसिली साँडर्स या इंग्रज बाईंमध्ये हे सगळे धागे एकत्र येतात. युद्धकाळात त्या परिचारिका झाल्या, पण पाठीच्या दुखण्याने ते काम सोडायला लावलं. मग रुग्णालयात समाजसेविका, आणि १९५७ साली, अडतिसाव्या वर्षी, डॉक्टर. मधल्या काळात, १९४५ साली, त्या श्रद्धेकडे वळल्या होत्या. मरणाच्या वाटेवरच्या एका रुग्णाबाईला त्यांनी दुखण्याबद्दल विचारलं. ती पाठीपासून सुरू झाली आणि बोलता बोलता नवरा-मुलाची बुडणारी मजुरी, गोळ्या, इंजेक्शनं, कुणालाच आपलं कळत नाही ही खंत, असं सगळं सांगत गेली. शरीर, मन, घरदार आणि आत्मा, सगळ्यांचं मिळून एकच दुखणं. साँडर्सबाईंनी त्याला ‘संपूर्ण वेदना’ म्हटलं. त्यांनी प्रार्थना सांगितली, पण मॉर्फिनला पर्याय म्हणून कधीच नाही. उलट दुखणं उसळायची वाट न पाहता घड्याळ लावून मॉर्फिन द्या, हा त्यांचा आग्रह. कारण पुढच्या कळेची भीती हीसुद्धा वेदनाच असते, आणि मेंदू ती आधीच मोजू लागतो.

१९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांसाठीचं शुश्रूषाघर, सुरू केलं. पुढे १९८६ साली मुंबईत भारतातलं पहिलं हॉस्पिस निघालं, शांती आवेदना, डॉ. लुईस डिसोझा यांच्या पुढाकाराने, माउंट मेरीच्याच परिसरात. मेणाचे हात-पाय घेऊन टेकडी चढणाऱ्या माणसांच्या वाटेवर, ज्यांची कॅन्सरची दुखणी आता बरी होणार नाहीत, अशा सगळ्या धर्मांच्या रुग्णांची तिथे नन्स शुश्रूषा करतात.